मापाचा कोट

८ सप्टेंबर

सल्लेवाली बाई म्हणाली, रोज लिहीत जा. पोरीचं नको, तुमचं स्वतःचं. तुम्ही काय खाल्लं आणि खाताना काय वाटलं, एवढंच. मी काय खाल्लं ह्यात कुणाला रस असणार? चहा घेतला. गार होता असं वाटलं. झालं लिहून.

आता खरं लिहिते. पोरीने विद्यापीठात आमची अब्रू घालवली. चार मुली मिळून भाड्याने राहतात, फ्रीजमध्ये प्रत्येकीचा कप्पा वेगळा. ही दुसऱ्यांचे कप्पे रिकामे करायची. पाव, केक, कुणाच्या घरून आलेला डबा, हाताला लागेल ते. आधी त्या मुलींनी चिठ्ठ्या चिकटवल्या, मग भांडल्या, मग दोघी घर सोडून गेल्या. त्यानंतर ही विभागातही जाईनाशी झाली. विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राने कळवलं, घरचं कुणीतरी येऊन सोबत राहा, नाहीतर मुलीने वर्षभर सुट्टी घ्यावी. नोव्हेंबरच्या शेवटी तिच्या प्रकल्पाचं सादरीकरण आहे. ते झालं तर पदवी हातात. ते हुकलं तर वर्ष गेलं, आणि गेलेलं वर्ष ही पोर परत आणणार नाही, मी तिला ओळखून आहे. घरी येऊन पलंगावर बसेल आणि खात राहील.

म्हणून चालतं दुकान बंद केलं, शिलाई मशीन गाडीत घातलं आणि आले. ह्यांना म्हटलं, तुम्ही चला. हे म्हणाले, "मला त्यातलं काय कळतं?" जसं काही मला कळतं.

सल्लेवाली म्हणजे आरोग्य केंद्रातली समुपदेशक. पोरीपेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी. मला "आई" म्हणते. हिला मी कधी जन्म दिला? म्हणे, "आई, हे व्यसनासारखंच आहे. पण दारू सोडता येते, जेवण सोडता येत नाही, म्हणून जास्त अवघड." मग नियम सांगितले. तीन वेळा जेवण, मधे दोनदा थोडं खाणं, एकही वेळ चुकवायची नाही. कपाटाला कुलूप नाही. घरात वजनकाटा नाही. ताटात किती आहे त्यावर बोलायचं नाही. "आणि टेपही नाही हं, आई." शिवणकामावर जगणाऱ्या बाईला सांगते टेप नाही. शेवटचा नियम, मी पोरीसमोर बसून तेच आणि तेवढंच जेवायचं. उंटावरून शेळ्या हाकायला हिचं काय जातं?

१० सप्टेंबर

घर तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला कठडा एकाच बाजूने. स्वयंपाकघरात चौघींना पुरेल असं टेबल आणि आता उरल्या दोघी. दुसरी पोरगी एवढी उंच आणि किडकिडीत आहे की मी तिचं नाव बांबू ठेवलं. तोंडावर म्हणत नाही. तिला विचारलं, सगळ्या गेल्या, तू का थांबलीस? म्हणाली, "परीक्षेच्या दिवसांत माझंही तसंच होतं, काकू. फक्त मी विकत आणून खाते." ह्यांच्यात शहाणी कुणीच नाही.

आज भात, बटाटे, अंडी केली. दोघींना वाढलं. पोर माझ्याकडे बघत बसली.

"तू?"

"मी नंतर."

"बाईंनी बरोबर बसायला सांगितलंय."

"समोर उभी आहे ना मी? उभी राहिले म्हणून काय पाहुणी झाले?"

ती खाली मान घालून जेवली. मला जेवायला बसायची सवयच नाही. सगळ्यांचं झालं की भांड्याला लागलेलं पुसून दोन घास खाल्ले, झालं. दिवसभर मशीनवर वाकणाऱ्या बाईला भरलं पोट परवडत नाही. लग्नातला ब्लाउज मला अजून होतो, एक टीप उसवावी लागलेली नाही. हे रोज डोळ्यांसमोर असून पोरीने काय उचललं? काही नाही. लहानपणी एवढंसं खायची म्हणून हिला चिमणी म्हणायचो. परवा बांबूसमोर तशी हाक मारली तर ताडकन उठून आत गेली.

१९ सप्टेंबर

नुसतं बसून डोकं फिरायची वेळ आली, म्हणून खिडकीपाशी मशीन मांडलं आणि खाली दारावर पाटी लावली. कपडे सैल-घट्ट करून मिळतील. विद्यार्थ्यांची रीघ लागली. शिकलेली पोरं आणि एकाला धड बटण लावता येत नाही.

पँट उलटी केली की आतल्या जुन्या टिपा दिसतात आणि माणसाने काय काय केलं ते सगळं कळतं. परीक्षेत सैल केली, सुट्टीत घट्ट केली, पुन्हा सैल. एक पोरगा संध्याकाळपर्यंत नुसत्या थंड पेयावर असतो आणि मग तिघांचं एकटा जेवतो. स्वतःच अभिमानाने सांगत होता. दुसरी एक अभ्यास करताना एका हाताने खाते, आणि पाकीट संपल्यावरच तिला कळतं की ते उघडलं होतं. माप देताना मात्र सगळी झाडून पोट आत ओढतात. मी थांबते. म्हणते, सोडा, कपड्याशी खोटं बोलून काय मिळणार? मग सोडतात. खरं माप ते.

सगळ्यांत एकच मुलगी मनात भरली. आठवड्यात दुसऱ्यांदा जीन्स आत घ्यायला आली. कंबर सुईसारखी. तिला म्हटलं, शाब्बास, असं पाहिजे. पोरीला मुद्दाम हाक मारून बाहेर बोलावलं, म्हटलं, बघ हिच्याकडे. ती मुलगी गेल्यावर पोर म्हणाली, "जेवण झालं की ती बाथरूममध्ये जाऊन काय करते माहीत आहे तुला?" मी म्हटलं, दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही की माणसाला असं सुचतं. पोर हसली. ते हसणं मला अजिबात आवडलं नाही.

१ ऑक्टोबर

मधल्या खाण्यासाठी नियमाप्रमाणे बिस्किटांचे पुडे आणून ठेवले होते. आज बघते तर एक नाही. रिकामे कागद सापडले ते तिच्या थंडीच्या जाकिटाच्या बाहीत. एकावर एक, घड्या घातलेले, इस्त्री केल्यासारखे. माझा नीटनेटकेपणा घेतला तो नेमका इथे वापरला.

मी ओरडले. खालच्या मजल्यापर्यंत गेलं असेल, जाऊ दे. "उपाशी ठेवते का मी तुला? चोरून खाल्लेल्याला चव तरी लागते का?"

"चव नसतेच, आई. पहिल्या दोन बिस्किटांना असते. मग नुसता चावण्याचा आवाज असतो. तो चालू असेपर्यंत दुसरं काही ऐकू येत नाही."

"दुसरं काय ऐकू यायचंय तुला?"

"तू."

असं म्हणाली. हिच्यासाठी मी सगळं टाकून आले आणि मला असं म्हणाली. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. मी म्हटलं, हात आपला असतो, पायडलवरचा पाय काढला की मशीन थांबतं, तसा थांबवायचा. ती म्हणाली, "तुला थांबवता येतो, म्हणून तुला वाटतं सगळ्यांना येतो." त्यात वाईट काय आहे ते मला कळलं नाही.

संध्याकाळी कुलूप आणलं. पाव, बिस्किटं, साखर, बांबूचं सगळं सामान कपाटात घातलं, फ्रीजमध्ये कच्ची भाजी आणि दूध ठेवलं. पोरीचं पाकीट मी आल्या दिवसापासून माझ्याकडेच घेतलंय. चावी कात्रीच्या दोरीत ओवून गळ्यात घातली. बांबूला म्हटलं, तुला हवं तेव्हा माग. ती काहीतरी पुटपुटली. सल्लेवालीचा नियम मोडला हे मला माहीत आहे. पण तिच्या घरातली बिस्किटं जात नाहीत, माझ्या घरातली जातात.

६ ऑक्टोबर

आरोग्य केंद्रात म्हणे "एकत्र जेवण". एका खोलीत टेबल, तीन ताटं. सूप, पाव, उकडलेले बटाटे, सफरचंद. सल्लेवालीही जेवायला बसली आणि गप्पा मारत सुटली, जशी काही सहल आहे.

कुलुपाचं मीच सांगून टाकलं, घाबरते की काय. ती म्हणाली, "काढून टाका, आई. बंद दाराने भूक वाढते." मी म्हटलं, बघू.

ताट समोर होतं. बटाट्याचे मी तुकडे केले, मग तुकड्यांचे तुकडे. कापण्यात माझा हात बसलेला आहे. सूप बहुतेक फार गरम असावं, चमचा वाटीतच ठेवला. पोर स्वतःचं सोडून माझं ताट बघत होती. सल्लेवालीने मधेच विचारलं, "आई, तुम्ही पूर्ण ताट शेवटचं कधी जेवलात?"

"आम्हाला ताटं मोजायला वेळ नसतो," मी म्हटलं. हिला माझी चौकशी कुणी सांगितली? आजार कुणाचा, औषध कुणाला.

पाव तेवढा रुमालात गुंडाळून पर्समध्ये घातला. अन्न टाकणं माझ्या जिवावर येतं. खाली फाटकापाशी कुत्रा होता, त्याला दिला. त्याने दोन घासांत संपवला, त्याला कुणी नियम सांगितले नव्हते. घरी येईपर्यंत पोर माझ्या चार पावलं मागून चालत होती.

१३ ऑक्टोबर

सादरीकरणाला ही काय घालणार म्हणून तिचं कपाट उघडलं. सगळे पोत्यासारखे शर्ट. परीक्षकांसमोर हिला असं उभं राहू दिलं तर लोक म्हणतील, आई टेलर आणि पोरगी गबाळी. ठरवलं, कोट शिवायचा. गडद निळं कापड आणलं, वजनदार, सुरेख पडणारं. अस्तर राखाडी.

टेप लावायचा नाही? नाही लावत. माझ्या पेपर कटिंगच्या गुंडाळीत माझाच एक कागद आहे. हिच्या वयाची असताना स्वतःसाठी पहिला कोट शिवला होता, त्याचं माप. उंची दोघींची एक, खांदे एक. ह्या वयाच्या मुलीचं माप असंच असायला हवं. आज नाही बसणार, महिनाअखेर पार करून नोव्हेंबरात बसेल. समोर टांगलेला दिसला की माणूस आपोआप आवरतं.

शिवणीत माया ठेवली नाही. गिऱ्हाइकाच्या कपड्यात मी दोन बोटं कापड आत नेहमी सोडते, उद्या सैल करायची वेळ आली तर असावं म्हणून. पण आत कापड आहे म्हटलं की माणसाला वाटतं, चालेल. इथे चालणार नाही. कात्री लावताना हात एकदा थांबला, खोटं कशाला लिहू. कापलेलं कापड परत जोडता येत नाही, आयुष्यभर शिकाऊ मुलींना हेच सांगत आले. मग कापलं.

२४ ऑक्टोबर

कच्च्या शिवणीतला कोट तिच्या खोलीच्या दारावर टांगला त्याला आठवडा झाला. पहिल्या दिवशी पोर त्याच्यासमोर बराच वेळ उभी होती. मी म्हटलं, "सादरीकरणाचा आहे. तोवर बसायला हवा." ती म्हणाली, "बरं." एवढंच. वाद नाही, आदळआपट नाही.

तेव्हापासून दुपारी जेवतच नाही. रात्री अर्धं ताट ठेवते. शेवटी अक्कल आली म्हणायची. सल्लेवालीच्या एवढ्या प्रवचनांनी जे झालं नाही ते एका कोटाने झालं.

बांबू आज मशीनपाशी येऊन घुटमळली. "काकू, ती दिवसभर काही खात नाही."

"मग बरंच आहे की."

"नाही काकू, तिचं असंच सुरू होतं. आधी काहीच नाही, मग..."

"तू तुझं बघ. वाऱ्याने उडून जाशील अशी झाली आहेस."

बिचारीचं तोंड उतरलं. पण मी काय चुकीचं केलं? पोरीच्या ताटाबद्दल मी एक अक्षर बोललेले नाही. नियमच आहे तसा.

८ नोव्हेंबर

लिहावंसं वाटत नाही, पण कुणाला सांगणार.

दुपारी मुलींच्या वसतिगृहात कपडे पोचवायला गेले होते. लवकर परतले. स्वयंपाकघरात पोर जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून, कचऱ्याचा डबा दोन्ही पायांच्या मधे घेऊन. झाकण बाजूला पडलेलं. बांबूने सकाळी शिळा झाला म्हणून टाकलेला केक तिच्या हातात होता. त्याला चहाचा चोथा लागला होता, तो तिने बोटाने नीट काढून बाजूला ठेवला होता. आणि खात होती. मला बघूनही थांबली नाही.

मी तिच्या हातावर मारलं. तिने केक दुसऱ्या हातात घेतला.

म्हटलं, "जनावरंसुद्धा असलं हुंगून सोडतात."

तिने तोंडातलं संपवलं. मग म्हणाली, "चावी दे."

"नाही."

"मग घरी जा. तू आल्यापासून मी एकदाही भूक लागली म्हणून जेवले नाही आणि पोट भरलं म्हणून थांबले नाही. पहिलं माझं मला कळत तरी होतं. पुढच्या सोमवारी विभागात जाऊन सांगणार आहे, सुट्टी हवी. वर्ष गेलं तर जाऊ दे."

उठून तोंड धुतलं, डबा जागेवर ठेवला, फरशीवरचा चोथा पुसला. माझ्या अंगावरून गेली तेव्हा बाजूला सर असंही म्हणाली नाही.

९ नोव्हेंबर

मला भीती वाटते.

ह्यांना फोन केला. हे म्हणाले, तिला घेऊन ये परत. मी म्हटलं, पलंगावर बसवायला? मग हे म्हणाले, "तू जेवलीस का?" मी म्हटलं, हा काय प्रश्न आहे. हे म्हणाले, "सहज विचारलं. इतक्या वर्षांत तुला जेवताना मी पाहिलेलंच नाही." बघायला कधी घरी होते का हे? नेमका आजच मुहूर्त सापडला. फोन ठेवून दिला.

१५ नोव्हेंबर

उद्या सोमवार. कोट पुरा केला. काजं हाताने केली, बटणं लावली. काम अर्धवट टाकणं माझ्या स्वभावात नाही. पोर विभागात जाणार असली तरी कोट झाला पाहिजे.

तिला म्हटलं, एकदा घालून दाखव. वाटलं, नाही म्हणेल. ती आली, आरशासमोर उभी राहिली, हात घातले. बाही दंडातच अडकली. दुसरी घालायला गेली तर पाठीत कापड कुरकुरलं. मी म्हटलं, ओढू नकोस, उसवेल. ती थांबली. रडेल म्हणून मी तयारीत होते. रडली नाही. कोट काढला, झटकला आणि माझ्यापुढे धरला.

"तू घाल."

"मी कशाला?"

"घाल ना. बाहीची ठेवण बघायला गिऱ्हाइकाचे कपडे घालतेसच की."

घातला. खांदा खांद्यावर बसला, बाही मनगटावर थांबली. बटणं तिनेच लावली, वरपासून खालपर्यंत, लहान मुलाची लावतात तशी. कुठे एक सुरकुती नाही. कंबरेला तर उलट बोटभर सैलच. दुकानात असं बसलेलं माप मी वर्षातून एखादेवेळी बघते.

"हा माझा नव्हताच कधी," ती म्हणाली. "हा तुझा आहे. तुझ्याच कागदावर कापलास ना?"

"ह्या वयाला हेच माप असतं."

"तुझं होतं, आई. आणि अजून आहे. कसं ठेवलंस ते मी लहान असल्यापासून बघतेय. आम्ही जेवायचो, तू ओट्यापाशी उभी असायचीस." मग माझ्या गळ्याखालच्या हाडावर बोट ठेवून म्हणाली, "हे बघ. कॉलरसुद्धा इथे टेकत नाही."

मी तिचं बोट झटकलं. म्हटलं, आजारी तू आहेस.

"हो, मी आहे. मी खाते, माझं सगळ्यांना दिसतं. तू खात नाहीस, तुझं कौतुक होतं." तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "उद्या मी विभागात जाणार आहे. तिथे काय सांगायचं ते तुझ्यावर आहे. समोर बसून जेव. मी जेवते तेवढंच. रोज. तू जेवलीस तर मी सादरीकरणाला उभी राहीन."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. कोट काढायला गेले तर बोटं काजात अडकत होती. मीच केलेली काजं.

१६ नोव्हेंबर

बसले. वर्षाचा प्रश्न आहे म्हणून बसले.

भात, बटाटे, अंडं. तिने दोन्ही ताटं वाढली, सारखी. अर्ध्यावर म्हटलं, मला बरं वाटत नाही. पोर म्हणाली, "पहिल्या दिवशी मलाही नव्हतं वाटत. तेव्हा तू म्हणाली होतीस नखरे बंद कर." असं सगळं लक्षात ठेवते. परीक्षेचं ठेवलं असतं तर पहिली आली असती.

खालमानेने खात राहिले. एक बटाटा अलगद एप्रनच्या खिशाकडे नेला.

"खिसा," ती म्हणाली.

"काय?"

"खिशातला बटाटा ताटात."

बांबू भात खाता खाता खोकायला लागली. हसत होती. मी तिच्याकडे असं बघितलं की गप्प झाली. बटाटा ताटात ठेवला. खाल्लासुद्धा. पाऊण तास लागला असेल आणि तेवढा वेळ पोर हलली नाही, तिचं कधीच संपलं होतं.

नंतर नळ सोडून भांड्यांशी उभी राहिले. रडू आलं, कशाचं ते मला सांगता येणार नाही. एवढी वर्षं जे राखलं ते एका जेवणात कुणीतरी काढून घेतलं असं वाटलं. दारात पोर होती. जवळ आली नाही, गेलीही नाही.

दुपारी ती विभागात गेली. काय सांगितलं ते मी विचारलं नाही. संध्याकाळी प्रकल्पाचे कागद टेबलावर पसरले तेव्हा कळलं.

२० नोव्हेंबर

कुलूप काढलं. जेवण, मधलं खाणं, पुन्हा जेवण, चावीसाठी सारखी कोण उठबस करणार? दुसरं काही कारण नाही. पाकीटही तिच्या टेबलावर ठेवलं.

सल्लेवालीकडे गेलो. पोरीने सगळं सांगितलं, खिशातला बटाटासुद्धा. वाटलं, आता बाई मिरवणार. ती फक्त म्हणाली, "आई, तुमच्यासाठी वेगळी वेळ देऊ का?" मी म्हटलं, मला काही झालेलं नाही. ती बरं म्हणाली आणि एक वेळ लिहून दिली. कागद पर्समध्ये आहे. टाकला नाही, एवढंच.

२३ नोव्हेंबर

दुपारी पोर स्वतः येऊन म्हणाली, "बिस्किटांचा पुडा संपवला. सगळा." सांगून झाल्यावरही तिथेच उभी राहिली. माझ्या तोंडात सतरा वाक्यं आली. ती सगळी तिला पाठ आहेत, म्हणून म्हटली नाहीत.

"आता रात्री जेवू नको म्हणशील ना?" तिने विचारलं.

खरं तर तेच म्हणणार होते. "ताटं घे," मी म्हटलं.

जेवलो. तिला भूक नव्हती आणि मला इच्छा नव्हती. दोघींची तोंडं बघून बांबू म्हणाली, "एवढ्या आनंदात मी कधीच जेवले नव्हते." ह्या वेळी पोर हसली. मीही, थोडं.

सुईसारखी मुलगी पुन्हा आली होती, जीन्स घेऊन. उलटी केली तर आत घेऊन घेऊन शिवणीत नुसता कापडाचा गठ्ठा झाला होता. तिच्या हाताच्या मागच्या बाजूला, बोटांच्या पेरांवर, दात लागून खरचटल्यासारखी जुनी खूण आहे. पोर बाथरूमचं म्हणाली होती ते आठवलं. आधी दिसली नव्हती, की मी बघितली नव्हती. शाब्बास म्हणाले होते हिला. जीन्स ठेवून घेतली, म्हटलं, मशीन बिघडलंय. सल्लेवालीचा पत्ता दिला. तिने घेतला नाही. टेबलावर ठेवला तर जाताना उचलला.

२८ नोव्हेंबर

सकाळी अंडी, पाव, केळं, दूध घातलेला चहा. सगळं संपवलं. खाताना काय वाटलं: आधी राग आला, मग सवयीने थोडा कमी झाला. चहा गरम होता.

पोरीने तिचा पोत्यासारखा शर्टच घातला. इस्त्री मी करून दिली, तेवढी तरी करू दे म्हटलं. मी निळा कोट घातला. नको म्हणत होते, पण ती म्हणाली, एवढा चांगला शिवलास तर कुणीतरी घातला पाहिजे.

सभागृहात मागे बसले. पोर उभी राहिली, आणि नदीच्या तळाचा गाळ, त्याचे थर, कुठला थर पुरात आला आणि कुठला शांत पाण्यात बसला, असं बोलत गेली. मला वाटायचं, चार वर्षं शिकून चिखल तपासते. पण विणकर कापडाबद्दल जसा बोलेल तशी बोलत होती, बोटांनी जाडी दाखवत. एका परीक्षकाने अडवलं तेव्हा म्हणाली, "हे मला माहीत नाही. पण कसं शोधायचं ते माहीत आहे." मी असं कधी कुणाला म्हटलेलं नाही. टाळ्या झाल्या. पास झाली, गुण नंतर कळतील.

बसल्यावर मधे कोट पोटाशी ओढायला लागला. दोन आठवड्यांत. मधलं बटण काढावं लागलं. शेजारच्या बाईने बघितलं असेल तर बघू दे.

घरी आल्यावर पोर म्हणाली, "सैल करून घे की."

"कसा करणार? आत माया नाही ठेवलेली."

"मग दुसरा शिव."

"माझा कागद आता चालायचा नाही."

"टेप कुठे आहे?"

"घरात टेप नाही, नियम आहे."

"तो माझ्यासाठी आहे. हात वर कर."

मशीनच्या खणातून तिनेच टेप काढला. मी जिचं माप जन्मापासून घेत आले तिने माझ्या कमरेभोवती टेप आणला, पुढे घेतला, आकड्यावर अंगठा ठेवला. मग म्हणाली, "पोट आत ओढू नकोस."

मी म्हटलं, "मी कुठे ओढलंय?"

ती टेप धरून तशीच उभी राहिली. मग मी सोडलं.